जेराल्ड डरेल वाचायला सुरुवात कुठून करावी

ब्रिटिश निसर्गलेखक जेराल्ड डरेल यांच्या नावावर तीसहून अधिक पुस्तके आहेत आणि नव्या वाचकाला पहिला प्रश्न पडतो तो यांतले आधी कोणते घ्यावे हाच. प्रकाशनाच्या क्रमाने जायचे तर सुरुवात १९५३ साली आलेल्या ‘द ओव्हरलोडेड आर्क’पासून करावी लागते, लेखकाच्या आयुष्याच्या क्रमाने जायचे तर कॉर्फू बेटावरच्या बालपणापासून, आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानात जे हाती लागेल ते उचलायचे ठरवले, तर उत्तरायुष्यातले एखादे विस्कळीत पुस्तक पदरी पडून वाचक तिथेच थांबण्याचा धोका असतो. माझ्या मते डरेल तीन टप्प्यांत वाचावेत: आधी प्राणी पाहणारा मुलगा, मग प्राणी पकडणारा तरुण आणि शेवटी प्राणी वाचवण्यासाठी झटणारा माणूस. विनोद तिन्ही टप्प्यांत आहे, पण त्याचे काम बदलत जाते. पहिल्या टप्प्यात तो निखळ आनंद देतो, दुसऱ्यात साहस सुसह्य करतो आणि तिसऱ्यात कडू सत्य वाचकाच्या गळी उतरवतो. हा बदल जाणवला की डरेल हे केवळ गमतीदार लेखक उरत नाहीत.

वाचण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी ठाऊक असावी. डरेल यांचा जन्म ७ जानेवारी १९२५ रोजी जमशेदपूरला झाला. वडील अभियंता होते. आई लुईसा यांचा जन्मही भारतातलाच, रुरकीचा. १९२८ साली वडील वारले आणि आई मुलांना घेऊन इंग्लंडला गेली. तिथल्या ओलसर हवेला कंटाळलेले हे कुटुंब १९३५ मध्ये ग्रीसच्या कॉर्फू बेटावर राहायला गेले आणि १९३९ मध्ये, महायुद्धाच्या तोंडावर, परतले. दहाव्या वर्षापासून चौदाव्या वर्षापर्यंतचा हा काळ पुढे तीन पुस्तकांना पुरला. या काळात मुलाला निसर्ग पाहायला शिकवले ते थिओडोर स्टेफानिडीस यांनी. ते डॉक्टर, कवी आणि गोड्या पाण्यातल्या सूक्ष्म जीवांचे अभ्यासक होते, आणि त्यांचा जन्म १८९६ साली मुंबईत झाला होता. पुस्तकात हा दाढीवाला, संकोची, सर्वज्ञ माणूस प्रथम भेटतो तेव्हा मराठी वाचकाने एवढे मनाशी ठेवावे, कारण डरेल यांच्या लेखनातली अचूकता पुष्कळशी या गुरूकडून आलेली आहे.

पहिले पुस्तक निःसंशय ‘माय फॅमिली अँड अदर ॲनिमल्स’ हेच असावे. ते १९५६ साली प्रसिद्ध झाले. पुस्तकाचे तीन भाग असून कुटुंब एकामागून एक ज्या तीन घरांत राहिले त्यांवर ते बेतलेले आहेत: एक गुलाबी, एक पिवळे आणि एक पांढरे. आरंभीचे लेखकाचे मनोगत वगळू नये. आपल्याला खरे तर बेटाच्या निसर्गाचा वृत्तान्त लिहायचा होता, पण सुरुवातीच्या पानांवर घरच्या माणसांना आत येऊ दिले आणि मग त्यांनी सगळे पुस्तकच ताब्यात घेतले, अशा अर्थाची तक्रार त्यात आहे. पुस्तकाची घडण समजून घेण्याची किल्ली या तक्रारीत सापडते. माणसांचे आणि प्राण्यांचे प्रसंग इथे आलटूनपालटून येतात, आणि दोघांकडे पाहण्याची नजर एकच आहे. थोरला भाऊ लॅरी ज्या बारकाईने रंगवला आहे, त्याच बारकाईने बागेच्या भिंतीतला विंचूही.

विंचवाचा हा प्रसंग नव्या वाचकाने दोनदा वाचावा. मुलगा बागेच्या पडक्या भिंतीत विंचू हुडकतो, रात्री विजेरी घेऊन त्यांचे निरीक्षण करतो, नर आणि मादी एकमेकांच्या पुढच्या नांग्या धरून फिरतात तो त्यांचा प्रणयविधी पाहतो. विंचू हा कसा शांत, भिडस्त प्राणी आहे हे तो इतक्या आपुलकीने सांगतो की वाचकाची भीती हळूहळू ओसरते. मग एक दिवस त्याला पाठीवर इवल्या पिलांचे ओझे वाहणारी मादी सापडते. तिला आगपेटीत घालून तो घरात आणतो, आगपेटी दिवाणखान्यात ठेवतो आणि जेवणाच्या गडबडीत विसरून जातो. जेवण झाल्यावर लॅरी बोलता बोलता सिगारेट ओठांत धरतो आणि तीच आगपेटी उघडतो. पुढच्या दोन पानांत आरडाओरडा, फुटलेली भांडी, टेबलभर पसरलेली पिले, विंचवावर फेकलेले पण आईच्या अंगावर पडलेले पाणी, आणि घरच्यांवर कोणी हल्ला केला असे समजून मोलकरणीचा घोटा धरणारा रॉजर नावाचा कुत्रा, असा एकच हलकल्लोळ आहे. पहिल्या वाचनात आपण नुसते हसतो. दुसऱ्या वाचनात लक्षात येते की त्या गोंधळात मुलाची सगळी काळजी विंचवीण आणि तिची पिले मरू नयेत एवढीच आहे, आणि आपणही नकळत तिच्याच बाजूचे झालेलो आहोत. आधीची निरीक्षणाची पाने चाळून पुढे गेलेल्या वाचकाला हे अर्धेच मिळते. म्हणून डरेल वाचताना वर्णनाची पाने ओलांडून विनोदाकडे धावू नये. विनोदाचा पाया त्या वर्णनातच घातलेला असतो.

याच पुस्तकात जेरोनिमो नावाची पाल आणि सिसिली नावाचा मोठा प्रार्थनाकीटक (आपल्याकडे ज्याला खंडोबाचा किडा म्हणतात त्याच्या जातीचा) यांची निजायच्या खोलीत रात्री जुंपलेली झुंज आहे. ती दोन महायोद्ध्यांची लढाई असावी अशा थाटात सांगितलेली आहे, पण पालीने शेपूट कसे टाकले, कीटकाने पुढचे पाय कसे वापरले, यांतले काहीच अतिशयोक्त नाही. पालीला पाहताच झाडू शोधणाऱ्या घरांमध्ये हे प्रकरण मोठ्याने वाचून दाखवावे, असा माझा आग्रह आहे.

इंग्रजीविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे, कारण पुष्कळ मराठी वाचक पहिल्या वीस पानांतच अडखळतात. डरेल यांची वाक्ये विशेषणांनी गच्च भरलेली असतात आणि झाडांची, किड्यांची, माशांची नावे ओळीने येतात. त्यांतली बरीच भूमध्य समुद्राच्या परिसरातली असल्यामुळे शब्दकोशात मराठी प्रतिशब्द मिळाला तरी डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही. यावर उपाय असा की पहिल्या वाचनात नावासाठी थांबू नये; रंग, आकार आणि हालचाल ज्या शब्दांत सांगितली आहे त्यांच्यासाठी मात्र थांबावे. ऑलिव्हची राई, सायप्रसची उंच झाडे, सिकाडांचा अखंड कर्कश सूर आणि मॅगपाय हा कावळ्याच्या कुळातला चोरटा पक्षी, एवढ्या चार गोष्टींची चित्रे एकदा पाहून ठेवली तरी पुरेसे होते. बैठकीला एकच प्रकरण वाचावे. प्रत्येक प्रकरण स्वतंत्र कथेसारखे रचलेले आहे आणि चार प्रकरणे सलग वाचली तर वर्णनाची गोडी उतरते. शक्य असेल तर संवाद मोठ्याने वाचावेत. लॅरीची तुसडी वाक्ये, आईची गोंधळलेली उत्तरे आणि टॅक्सीवाल्या स्पिरोचे अनेकवचनांनी लगडलेले इंग्रजी कानावर पडले की व्यक्ती आपोआप वेगळ्या होतात.

हे सगळे खरे घडले का, असा प्रश्न प्रत्येकाला पडतोच. प्राणी खरे आहेत. माणसेही खरी आहेत, पण त्यांची मांडणी लेखकाने आपल्या सोयीने केलेली आहे. लॅरी, म्हणजे पुढे प्रसिद्ध झालेले कादंबरीकार लॉरेन्स डरेल, पुस्तकात कुटुंबासोबत एकाच छपराखाली राहतो. प्रत्यक्षात त्याचे लग्न झालेले होते आणि तो पत्नी नॅन्सी हिच्यासह बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या कलामी गावात वेगळा राहत असे. नॅन्सी या पुस्तकात कुठेच नाही. त्याच बेटाविषयी लॉरेन्स यांनी लिहिलेले ‘प्रॉस्पेरोज सेल’ १९४५ साली आले. त्यात ती नुसत्या एका आद्याक्षराने वावरते आणि सगळा भर समुद्र, इतिहास आणि कविता यांवर आहे. दोन भावांनी एकच बेट किती निरनिराळे पाहिले याचे ज्यांना कुतूहल असेल त्यांनी ते पुस्तक नंतर जरूर वाचावे. धाकट्याच्या आठवणींना मात्र रोजनिशीचे प्रमाण मागू नये. किड्यांच्या बाबतीत तो काटेकोर आहे आणि माणसांच्या बाबतीत कथाकार. हा भेद ध्यानात ठेवला की पुढे कुठेही फसगत होत नाही.

पहिले पुस्तक संपल्यावर कॉर्फूचे दुसरे पुस्तक उघडण्याचा मोह होतो. तो आवरावा. ‘बर्ड्स, बीस्ट्स अँड रिलेटिव्ह्ज’ (१९६९) आणि ‘द गार्डन ऑफ द गॉड्स’ (१९७८) ही दोन्ही त्याच काळाच्या आठवणींतून, पण पहिल्यानंतर बऱ्याच वर्षांनी लिहिलेली आहेत. त्यांत उत्तम प्रकरणे आहेत. तरीही तीन पुस्तके लागोपाठ वाचली तर साचा दिसू लागतो, पाहुणे येतात, प्राणी सुटतो, लॅरी ओरडतो. मध्ये अंतर ठेवून वाचली तर तीच पुस्तके जुन्या ओळखीच्या गावी परत गेल्याचे समाधान देतात.

त्यामुळे दुसऱ्या क्रमांकावर आफ्रिकेकडे वळावे. १९४७ पासून डरेल प्राणिसंग्रहालयांसाठी जिवंत प्राणी पकडून आणण्याच्या मोहिमा काढू लागले. स्वतःच्या वाट्याला आलेला वारसा त्यांनी त्यात घातला. पहिल्या मोहिमेचे वर्णन ‘द ओव्हरलोडेड आर्क’मध्ये आहे, पण त्या पुस्तकात लेखकाचा हात अजून बसलेला नाही आणि माहिती काही ठिकाणी जड होते. ‘द बाफुट बीगल्स’ (१९५४) हे त्याच प्रदेशावरचे पुस्तक कितीतरी अधिक रंगलेले आहे. कॅमेरूनच्या डोंगराळ गवताळ भागातले बाफुटचे राज्य, ‘फोन’ ही पदवी धारण करणारा तिथला राजा, त्याच्या मेजवान्या आणि नाच, केसाळ बेडकाचा आणि उडणाऱ्या उंदरांचा शोध, हे सगळे त्यात आहे. या केसाळ बेडकामुळेच डरेल लेखनाकडे वळले, असे म्हणायलाही हरकत नाही. पैशांची चणचण असताना त्यांनी बीबीसीसाठी या बेडकावर एक भाषण लिहिले, ते लोकांना आवडले आणि पत्नी जॅकी यांच्या तगाद्याने पहिले पुस्तक लिहून झाले.

या टप्प्यावर आजच्या वाचकाला काही गोष्टी खटकतील आणि त्या खटकल्याच पाहिजेत. वसाहतीच्या काळातला गोरा साहेब, त्याचे नोकर, हमाल आणि शिकारी असा व्यवहार पानोपानी आहे, स्थानिक माणसांच्या तोंडी पिजिन इंग्रजी आहे, आणि शेकडो प्राणी पिंजऱ्यात घालून बोटीने नेण्यात त्या वेळच्या कोणालाच काही गैर वाटत नव्हते. पिजिन ही त्या भागात खरोखर बोलली जाणारी भाषा आहे आणि डरेल स्वतःही ती बोलत, एवढे लक्षात घेतले तर ती केवळ टवाळी वाटत नाही. फोनचे चित्रणही नुसते विदूषकाचे नाही. त्यात मैत्री आहे आणि सत्ताधीशाबद्दलचा आदरही आहे. तरीही एका बाजूच्या माणसाने लिहिलेले हे पुस्तक आहे, याचे भान ठेवूनच ते वाचावे. ज्यांना हे फारच बोचेल त्यांनी थेट ‘अ झू इन माय लगेज’ (१९६०) घ्यावे.

हे पुस्तक मला दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यामधला पूल वाटते. १९५७ साली डरेल पुन्हा बाफुटला गेले ते या निश्चयाने की या वेळचे प्राणी कोणाला विकायचे नाहीत, आपलेच संग्रहालय काढायचे. अडचण एवढीच होती की प्राणी आले तेव्हा संग्रहालयाला जागा नव्हती. त्यांतले बरेच इंग्लंडमधल्या बोर्नमथ शहरात बहीण मार्गारेट हिच्या घरामागच्या बागेत राहिले आणि नाताळात काही जण एका मोठ्या दुकानाच्या तळघरात शोभेला ठेवले गेले. चमली हा चहाबाज चिंपांझी याच पुस्तकात भेटतो (त्याच्या इंग्रजी नावाचे लेखन आणि उच्चार यांचा मेळ लावू नये). गमतीच्या या घटनांखाली डरेल यांची जी तगमग आहे ती वाचताना जाणवू द्यावी: गावोगावचे अधिकारी नकार देत होते, थंडी पडत होती आणि प्राण्यांचे पोट रोज भरायचे होते. शेवटी इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावर एक जुना वाडा भाड्याने मिळाला आणि मार्च १९५९ मध्ये संग्रहालय सुरू झाले.

तिसऱ्या टप्प्याची सुरुवात ‘मेनाजरी मॅनर’ (१९६४) या छोट्या पुस्तकाने करावी. संग्रहालयाची पहिली काही वर्षे, आजारी गोरिला, पळालेले प्राणी आणि रिकामी तिजोरी यांचा हा वृत्तान्त आहे. १९६३ साली डरेल यांनी या संग्रहालयाचे न्यासात रूपांतर केले आणि डोडो या नामशेष पक्ष्याचे चित्र त्याचे बोधचिन्ह म्हणून घेतले. नष्ट होऊ घातलेल्या जातींची पैदास करून त्यांना पुन्हा त्यांच्या रानात सोडायचे, हे त्यांचे उद्दिष्ट त्या वेळी अनेक तज्ज्ञांना पटत नव्हते. या विचाराची सविस्तर मांडणी ‘द स्टेशनरी आर्क’ (१९७६) मध्ये आहे. ते थोडे कोरडे असल्यामुळे ज्यांना विषयात खोल जायचे आहे त्यांनीच घ्यावे.

मराठी वाचकासाठी या टप्प्यातले सर्वांत जवळचे पुस्तक मी ‘गोल्डन बॅट्स अँड पिंक पिजन्स’ (१९७७) हे मानतो. ते मॉरिशसवर आहे, जिथे मराठी भाषकांचा एक समाज पिढ्यान्‌पिढ्या राहतो आहे, आणि त्यातला सर्वांत हास्यकारक पदार्थ म्हणजे फणस. रॉड्रिग्ज बेटावरची सोनेरी वटवाघळे पकडायला आमिष म्हणून डरेल यांचा चमू पिकलेला फणस विमानातून घेऊन निघतो आणि त्या दरवळाने प्रवासभर जे काही होते ते कोकणातल्या माणसाने वाचलेच पाहिजे. आपल्या घरातला मे महिन्याचा वास एका परक्या नाकाला कसा भासतो हे पाहून मी पोट धरून हसलो. पण हेच पुस्तक मॉरिशसच्या ससाण्याविषयीही सांगते. १९७४ साली या पक्ष्याचे अवघे चार जीव रानात शिल्लक असल्याचे माहीत होते. पुढच्या काळात जर्सीच्या न्यासासह अनेकांनी केलेल्या कामामुळे ससाणा आणि गुलाबी कबूतर हे दोन्ही पक्षी टिकले. हे ठाऊक असलेल्या वाचकाला त्या पानांतली निकड अधिक भिडते, कारण लेखकाला शेवट ठाऊक नसताना ती लिहिलेली आहेत.

भारताशी जोडणारा आणखी एक धागा पुस्तकांबाहेरचा आहे. आसामच्या उंच गवताळ प्रदेशातले बुटके रानडुक्कर, म्हणजे पिग्मी हॉग, १९७१ साली पुन्हा सापडेपर्यंत नामशेष झाल्यासारखेच मानले जात होते. डरेल यांच्या न्यासाने आसाम वन विभाग आणि इतर संस्थांबरोबर १९९५ पासून त्याच्या पैदाशीचा कार्यक्रम चालवला आणि २००८ पासून ही डुकरे सोनाई-रूपाई अभयारण्यात आणि नंतर इतरत्रही सोडली गेली. ज्या देशात डरेल जन्मले तिथे त्यांचे काम अशा रीतीने परतले. ‘द स्टेशनरी आर्क’मधला विचार कागदावर राहिला नाही, याचा हा पुरावा विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे.

मुलांना डरेल द्यायचे असतील तर दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी ‘द न्यू नोआ’ (१९५५) उत्तम. मोहिमांतले निवडक प्रसंग त्यात सोप्या भाषेत आहेत. ग्रीक बेटावरची गाढवांची लूट सांगणारे ‘द डाँकी रसलर्स’ (१९६८) ही छोटी कादंबरीही त्यांना आवडते. कॉर्फूचे पहिले पुस्तक पालकांनी सोबत बसून वाचावे. आणि एक गोष्ट मुलांना निक्षून सांगावी: जेरीने, म्हणजे लहानग्या जेराल्डने, घुबडाचे पिल्लू, साप, मॅगपाय घरी आणले म्हणून आपण तसे करायचे नाही. आपल्या देशात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि त्यानुसार रानातला पोपटसुद्धा पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा ठरतो. जेरीकडून घेण्यासारखे आहे ते तासन्‌तास एका भिंतीसमोर बसण्याचे कसब. त्यासाठी वही, पेन्सिल, विजेरी आणि जवळच्या कंपाउंडची पडकी भिंत एवढे पुरते. पाहण्याची पद्धत शिकायची असेल तर डरेल यांनी दुसऱ्या पत्नी ली यांच्याबरोबर लिहिलेले ‘द अ‍ॅमॅच्युअर नॅचरलिस्ट’ (१९८२) हे मोठे सचित्र पुस्तक ग्रंथालयात मिळाले तर जरूर आणावे.

काही पुस्तके सुरुवातीला बाजूला ठेवली तरी चालतील. ‘टू इन द बुश’ (१९६६) आणि ‘डरेल इन रशिया’ (१९८६) ही चित्रीकरणाच्या दौऱ्यांतून निघालेली आहेत आणि त्यांत वस्ती करून राहिल्याची ऊब कमी आहे. ‘फिलेट्स ऑफ प्लेस’ (१९७१) हा संग्रह मात्र हाताशी असावा. पाच वेगवेगळ्या काळांतल्या आठवणी असल्यामुळे प्रवासात तो कुठूनही उघडता येतो. दक्षिण अमेरिकेतल्या पुस्तकांपैकी एकच वाचायचे झाले तर ‘द व्हिस्परिंग लँड’ (१९६१) घ्यावे. पॅटागोनियाच्या ओसाड किनाऱ्यावर पेंग्विनांची वसाहत आहे आणि पिलांचे पोट भरण्यासाठी आईबाप वाळूच्या टेकड्या तुडवत समुद्रापर्यंत जातात-येतात. त्या येरझारांचे वर्णन मला डरेल यांच्या सर्वोत्तम गद्यापैकी वाटते, आणि त्यात विनोद जवळजवळ नाही.

कॉर्फूवरच्या दूरचित्रवाणी मालिका, विशेषतः २०१६ ते २०१९ या काळातली, पुस्तकानंतर पाहाव्यात. या मालिकेत भर आईच्या आयुष्यावर आहे आणि प्राणी मागे सरकले आहेत. आधी मालिका पाहिल्या तर पुस्तक वाचताना नटांचेच चेहरे दिसत राहतात.

सर्वांत शेवटी ‘द आय-आय अँड आय’ (१९९२) हे मादागास्करवरचे पुस्तक वाचावे. आय-आय हा निशाचर प्राणी लांबच लांब, काटकुळ्या मधल्या बोटाने लाकूड ठोकून आतली अळी हुडकतो, आणि अनेक ठिकाणी लोक त्याला अपशकुनी समजून मारतात. पासष्टीकडे झुकलेल्या, प्रकृती खालावलेल्या डरेल यांनी ही मोहीम केली. ३० जानेवारी १९९५ रोजी ते जर्सीत वारले. शैली जुनीच आहे, पण कापल्या जाणाऱ्या जंगलाची पाने येतात तेव्हा लेखकाचा आवाज उघड कळवळ्याने बोलतो. ते वाचून झाल्यावर डग्लस बॉटिंग यांनी लिहिलेले १९९९ सालचे विस्तृत चरित्र हाती घ्यावे, त्याआधी नाही. मद्यपान, मोडलेला पहिला संसार आणि निराशेचे काळ त्यात स्पष्ट आहेत, आणि ते जाणून घेण्यापूर्वी डरेल यांना त्यांच्या स्वतःच्या शब्दांत भेटण्याचा हक्क वाचकाने आपल्यापुरता राखून ठेवावा.